ईव्हीची मागची नंबर प्लेट तुटली? रेडियमवाल्याकडे जाण्याआधी हे वाचा

नागपुरातल्या मनीषनगरात एखाद्या फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्याला हा प्रसंग नवा नाही. खालच्या पार्किंगमध्ये खांबाला खेटून गाडी लावायची असते. रिव्हर्स कॅमेरा ओरडत असतो, मागून वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतो आणि तेवढ्यात 'कच्च' असा आवाज येतो. उतरून पाहिलं तर बंपरला फारसं काही झालेलं नसतं, पण मागची नंबर प्लेट मधोमध दुमडलेली असते आणि एका बाजूचं लॉक तुटून ती लोंबत असते.

पेट्रोलची जुनी गाडी असती तर आपण काय केलं असतं? चौकातल्या रेडियमवाल्याकडे गेलो असतो, अर्ध्या तासात नवी प्लेट रंगवून घेतली असती आणि विषय संपला असता. इथे गाडी इलेक्ट्रिक आहे, प्लेट हिरवी आहे आणि तिच्यावर चकचकीत अशोकचक्र आहे. तरीही अनेक जण रेडियमवाल्याकडेच जातात. तो हिरव्या शीटवर पांढरे आकडे चिकटवून देतोही. लांबून पाहिलं तर फरक कळत नाही. खरा घोळ इथूनच सुरू होतो.

आधी हिरव्या रंगाचं प्रकरण

या रंगाचं नागपूरशी थोडं नातं आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. ओला आणि महिंद्रा यांनी एकत्र येऊन दोनशे इलेक्ट्रिक वाहनांचा ताफा उतरवला, त्यात शंभर ई-टू-ओ प्लस गाड्या होत्या. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी, म्हणजे दोघेही नागपूरकर, उद्घाटनाला हजर होते. पण तेव्हा हिरवी प्लेट अस्तित्वातच नव्हती. रस्त्यावर इलेक्ट्रिक टॅक्सी कोणती आणि डिझेलची कोणती, हे प्लेट पाहून सांगता येत नव्हतं.

वर्षभराने गडकरींच्याच मंत्रालयाने ही अडचण सोडवली. ऑगस्ट २०१८ मध्ये अधिसूचना निघाली आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना हिरवी प्लेट ठरली. खासगी गाडी असेल तर हिरव्यावर पांढरी अक्षरं, टॅक्सीसारखं भाड्याचं वाहन असेल तर हिरव्यावर पिवळी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इलेक्ट्रिक टॅक्सी-बसना परमिटच्या अटीतूनही सूट मिळाली. आता सवलत द्यायची तर गाडी ओळखता यायला हवी, आणि ते काम या रंगाकडे आलं. हायब्रिड गाडीत बॅटरी असली तरी तिला हिरवी प्लेट मिळत नाही, कारण तिच्यात इंजिन आहे.

सध्या याला आणखी वजन आलंय. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी जाहीर झाली. समृद्धी तर नागपुरातूनच सुरू होतो. टोलनाक्यावर दूरवरून दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे प्लेटचा रंग. अपघातात मदतीला धावणाऱ्यालाही त्याच रंगावरून कळतं की या गाडीच्या तळाशी उच्च दाबाची बॅटरी आहे, कुठेही कटर चालवून भागणार नाही. रेडियमच्या शीटवरही हिरवा रंग येतो, हे खरं. पण मूळ प्लेट म्हणजे नुसता रंग नव्हे.

या प्लेटमध्ये एवढं आहे तरी काय?

हिचं सरकारी नाव हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, सगळे एचएसआरपी म्हणतात. नियम तसा जुना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ५० व्या नियमात तिची तरतूद २००१ मध्येच झाली. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, राज्यांनी टाळाटाळ केली, ठेक्यांवरून वाद झाले. अखेर १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीला ही प्लेट कंपनी आणि डीलरनेच द्यायची, असं ठरलं.

प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असते. कारसाठी दोन मापं चालतात: ५०० बाय १२० मिलिमीटरची लांबट आणि ३४० बाय २०० मिलिमीटरची चौकोनी. तुमच्या गाडीची मागची खाच कोणत्या मापाची आहे ते आधी पाहा. पुढची लांबट आहे म्हणून मागचीही तशीच असेल असं नाही. अक्षरं आणि आकडे ठोकून उठवलेले असतात, कारला त्यांची उंची ६५ मिलिमीटर. वरच्या डाव्या कोपऱ्यात क्रोमियमचा वीस बाय वीस मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली आयएनडी ही अक्षरं आणि तळाशी डावीकडे लेझरने कोरलेला एक बारीक क्रमांक.

हा बारीक क्रमांक हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि बहुतेकांनी तो कधी वाचलेलाही नसतो. तो गाडीचा नंबर नाही, त्या प्लेटचा नंबर आहे. पुढच्या प्लेटचा वेगळा, मागच्या प्लेटचा वेगळा. दोन्ही क्रमांक वाहन या सरकारी डेटाबेसमध्ये तुमच्या गाडीच्या नावापुढे नोंदवलेले असतात. म्हणजे मागची प्लेट ही देशात एकच असते. ती तुटली की तिच्यासारखी दुसरी बनत नाही. नवी प्लेट येते ती नवा लेझर क्रमांक घेऊन येते आणि डेटाबेसमध्ये जुन्याच्या जागी तो क्रमांक चढतो.

रेडियमवाल्याच्या प्लेटला असा क्रमांक नसतो. तुमच्या गाडीला रेडियमची हिरवी प्लेट चालून जाते, तशीच ती तुमचाच नंबर टाकून दुसऱ्या कुणाच्या गाडीलाही चालून जाते. मग त्या दुसऱ्याने सिग्नल तोडला की ई-चलान तुमच्या मोबाइलवर येतं, आणि त्याने एखाद्याला ठोकून पळ काढला की पोलीस तुमच्या दारात येतात. पळून जाणाऱ्या गाडीची लोकांना दिसते ती मागचीच प्लेट. अशा वेळी आपल्या गाडीवर दोन्ही खऱ्या प्लेट आणि नोंदीतले लेझर क्रमांक असतील, तर "ती गाडी माझी नव्हती" हे सांगायला हातात काहीतरी असतं. आपणच नकली प्लेट लावून फिरत असू तर काय सांगणार?

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे ४१४१ चा 'दादा', २१४ चा 'राम' आणि ८०५५ चा 'बॉस' करून मिरवायची हौस फार जुनी. एचएसआरपीत ती हौस भागत नाही. अक्षरं इंग्रजी, आकडेही इंग्रजी आणि वळण सगळ्यांना सारखं. नव्या प्लेटची मागणी नोंदवताना "जरा स्टायलिश आकडे द्या" असं कुणाला सांगायची सोयच नाही.

नवी प्लेट मागवायची कुठून?

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो, कारण महाराष्ट्रात गेल्या काही काळात एचएसआरपीची जी धावपळ झाली ती जुन्या गाड्यांची होती. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाड्यांना ही प्लेट बसवायला सरकारने आधी ३१ मार्च २०२५ ची मुदत दिली आणि नंतर ती पुन्हा पुन्हा वाढवली. त्यासाठी राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्या नेमल्या. कारसाठी दर ठरला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे.

तुमची ईव्ही बहुधा या रांगेतली नाही. नेक्सॉन ईव्ही बाजारात आली जानेवारी २०२० मध्ये, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक कार तिच्यानंतरच्या. या गाड्यांना प्लेट कंपनीकडूनच लागून आली, त्यामुळे बदली प्लेटही त्याच वाटेने येते. ज्या कंपनीची गाडी, त्या कंपनीच्या अधिकृत डीलरकडे जायचं किंवा त्या कंपनीने नेमलेल्या प्लेट पुरवठादाराच्या पोर्टलवर मागणी नोंदवायची. कोणत्या कंपनीचा पुरवठादार कोण, याच्या लिंक वाहन उत्पादकांची संघटना असलेल्या सियामच्या संकेतस्थळावर मिळतात. दर कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून वरचा ८७९ चा आकडा डीलरसमोर नाचवू नका. तो दुसऱ्या रांगेचा आहे.

जुनी ई-टू-ओ किंवा ई-व्हेरिटो अजून वापरणारे मोजके लोक मात्र त्या दुसऱ्या रांगेत येतात. त्यांनी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या आरटीओसाठी नेमलेल्या कंपनीकडे जायचं. मनीषनगरच्या रस्त्यांवर नागपूर शहराची एमएच ३१, पूर्व नागपूरची एमएच ४९ आणि बेसा-बेलतरोडीकडून येणारी ग्रामीणची एमएच ४० अशा तिन्ही गाड्या दिसतात. आपली नोंद कोणत्या आरटीओची आहे ते आरसीवर पाहा, घराच्या पत्त्यावरून अंदाज बांधू नका.

मागणी नोंदवताना बदली प्लेट हा पर्याय निवडायचा आणि फक्त मागची, फक्त पुढची की दोन्ही, ते सांगायचं. पुढची शाबूत असेल तर दोन्हींचे पैसे भरायची गरज नसते. आरसीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक विचारतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, तेव्हा त्या रकान्यात आरसीवर छापलेला मोटरचा क्रमांक भरायचा. यावर अडून बसणारे बरेच आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं. इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक किंवा प्युअर ईव्ही दिसतंय का, आणि गाडी खासगी असेल तर नॉन-ट्रान्सपोर्ट निवडलंय का, हे पैसे भरण्याआधी पाहा. इथे चुकलं की पांढऱ्या रंगाची किंवा पिवळ्या अक्षरांची प्लेट छापून येते आणि मग सगळं पहिल्यापासून.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'एचएसआरपी बुक करा' या लिंकवर मात्र अजिबात जाऊ नका. एचएसआरपीच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून लोकांना लुबाडल्याच्या तक्रारी राज्यात झाल्या आहेत. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

विम्याचं काय, असं कुणी तरी विचारतंच. नुसत्या प्लेटसाठी क्लेम करू नका. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो प्रीमियमच्या वीस ते पन्नास टक्के इतका असतो. बंपर, सेन्सर, टेलगेट असं मोठं काम निघालं असेल तरच त्यात प्लेट धरा.

तुटली असेल तर एक, हरवली असेल तर दुसरं

वाकलेली प्लेट हातात असेल तर काम सोपं आहे. ती नवी बसवणाऱ्याकडे द्यायची आणि तिने नष्ट व्हायचं. आठवण म्हणून घरात टांगून ठेवायची वस्तू नाही ती. तिचा होलोग्राम आणि लेझर क्रमांक खरा आहे, तो चुकीच्या हातात पडायला नको.

पण प्लेट कुठे पडली हेच माहीत नसेल, किंवा रात्री उभ्या गाडीची कुणी काढून नेली असेल, तर आधी पोलीस ठाणं. मनीषनगरचा बराच भाग बेलतरोडी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. प्लेट वर्धा रोडवर कुठे तरी गेली की बुटीबोरीकडे, हे सांगता येत नसेल तरी तक्रार टाळू नका. चोरीचा संशय असेल तर जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, त्याची स्पष्ट तरतूद आहे. बदली प्लेटच्या अर्जाला ही प्रत जोडावी लागते. तिचा खरा उपयोग मात्र त्यानंतरचा आहे: तुमची प्लेट लावून कुणी काही केलं, तर ती अमुक तारखेपासून तुमच्याकडे नव्हती याचा कागद तुमच्याकडे राहतो.

मधल्या काळात गाडी चालवायची का? कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी क्रमांक ठरलेल्या पद्धतीने लावलेला नसेल तर गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. तक्रारीची प्रत आणि मागणीची पावती जवळ असली की पोलीस समजून घेतात, असा अनुभव लोक सांगतात. पण ती त्यांची समज झाली, तुमचा हक्क नाही. दोन-चार दिवस उज्ज्वलनगर स्टेशनवरून मेट्रोने गेलेलं बरं. अगदी न्यावीच लागली तर वाकलेली मूळ प्लेट हाताने सरळ करून मूळ जागी घट्ट बांधा, नंबर वाचता येईल अशी. नकली नवीपेक्षा खरी वाकडी केव्हाही चांगली.

बसवताना

प्लेट आली, आता ती बसवायची. पेट्रोलच्या गाडीत आणि ईव्हीत इथे काही फरक आहे का? विजेचा धक्का बसेल का, असा प्रश्न लोक खरंच विचारतात. उच्च दाबाची बॅटरी बहुतेक गाड्यांत फरशीखाली असते आणि तिच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. प्लेटच्या आसपास त्या नसतात. प्लेटवरचा दिवा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तेव्हा त्या धक्क्याची भीती नको. तरी गाडी बंद असावी आणि चार्जिंगची वायर काढलेली असावी.

खरी भीती ड्रिलची आहे. नव्या गाड्यांत मागच्या प्लेटच्या वरच्या पट्टीत दिवे, रिव्हर्स कॅमेरा आणि डिकी उघडायचं बटण असतं, आणि या सगळ्यांच्या वायर पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आतून जातात. बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असतात. बसवणाऱ्याने लांब बिट लावून नवी भोकं पाडली की वायर तुटू शकते, आणि पाऊस आला की त्याच भोकातून पाणी आत जातं. म्हणून जुन्याच भोकांवर नवी प्लेट जुळते का ते आधी धरून पाहायला सांगा. बहुतेक वेळा जुळते. मूळ धक्का जोराचा असेल तर प्लेटच्या मागचा आधारच वाकलेला असतो. तो सरळ न करता प्लेट दाबून बसवली की ती चढउतारावर खडखडते आणि काही महिन्यांत पुन्हा सुटते.

मग स्नॅप लॉक. एकदाच बसणारी ही कुलूपखिळी असते. काढायची तर तोडावीच लागते, परत वापरता येत नाही. मागच्या प्लेटला ती नियमानेच लागते. आपल्याकडे कधीकधी लॉक संपलेत म्हणून साधा स्क्रू मारून दिला जातो. तो घेऊ नका, कारण स्क्रूड्रायव्हरने दोन मिनिटांत निघणारी प्लेट चोराच्या सोयीची. त्या दिवशी लॉक नसतील तर दुसऱ्या दिवशी या. प्लेट हातात दिली आणि "घरी लावून घ्या" म्हणाले, तरी नाही म्हणा. लॉक लागल्याशिवाय काम पूर्ण झालेलं नाही.

डीलरच्या नावाची प्लास्टिकची चौकट पुष्कळ जण हौसेने लावून घेतात. तिची कड नेमकी तळाच्या लेझर क्रमांकावर येते. नागपूरच्या मे महिन्यात ती तापून आक्रसते ते वेगळंच. चौकट हवीच असेल तर होलोग्राम, आयएनडी आणि लेझर क्रमांक तिन्ही उघडे दिसतात का ते पाहा. वरून पारदर्शक शीट लावायचा मोह टाळा. प्लेटवरची फिल्म समोरचा उजेड परतवणारी असते आणि शीटमुळे तीच मार खाते.

अंधार पडल्यावर पार्किंग लाइट लावून मागे जा. नियम १०५ प्रमाणे मागचा नंबर पांढऱ्या उजेडात पंधरा मीटरवरून वाचता आला पाहिजे. पंधरा मीटर म्हणजे साधारण वीस पावलं. धक्क्यात प्लेटसोबत दिवाही गेलेला असतो आणि तो कुणी तपासत नाही.

काचेवरचं स्टिकर विसरू नका

समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतं, त्याला तिसरी नंबर प्लेट म्हणतात. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी आणि बाकीच्या इंधनांना राखाडी, असा त्याचा रंग ठरलेला आहे. त्यावर गाडीचा नंबर आणि आरटीओसोबत दोन्ही प्लेटचे लेझर क्रमांक छापलेले असतात. मागची प्लेट बदलली की त्यातला एक क्रमांक जुना झाला. म्हणून नव्या प्लेटसोबत नवं स्टिकरही मागा. ते काढायला गेलं की फाटतं, त्यामुळे जुनं सोडवून पुन्हा वापरता येत नाही. नव्याला वेगळे पैसे पडतील का, हे मागणी नोंदवतानाच विचारून घ्या.

निघण्यापूर्वी पावतीवरचा लेझर क्रमांक आणि प्लेटवरचा क्रमांक समोरासमोर धरून वाचा आणि प्लेटचा जवळून एक फोटो काढून ठेवा. या प्लेटला पाच वर्षांची हमी असते. खांबाला ठोकून वाकली तर ती हमी चालत नाही. पण काही न होता फिल्म सुटू लागली किंवा अक्षरांचा रंग उडाला तर ती बदलून मागता येते, आणि तेव्हा ही पावती लागते. नोंद सरकारी डेटाबेसमध्ये चढायला थोडा वेळ लागतो. आठवड्याभराने डीलरला फोन करून मागच्या प्लेटचा नवा क्रमांक चढला का ते विचारा, आणि चढला नसेल तर पावतीचा फोटो पाठवून तो चढवून घ्या.